पीएचपी-मायएसक्यूएलवरचं वाचनालय पोस्टग्रेसवर न्यायचंय: फक्त कनेक्शन बदलून भागेल का?

ग्रंथसखी

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावी जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. मी त्याच्या कार्यकारिणीत आहे. पुस्तकांची सूची, सभासद, देवघेव, वर्गणी, दंड हे सगळं एका वेब अ‍ॅप्लिकेशनवर चालतं. २००९ च्या सुमारास एका सभासदाच्या मुलाने कॉलेजात असताना पीएचपी (प्रोग्रामिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) वापरून ते लिहून दिलं. चाळीस हजारांच्या आसपास पुस्तकं त्यात आहेत, जवळजवळ सगळी नोंद मराठीत. इतकी वर्षं त्याने निमूटपणे काम केलंय.

आता संस्थेने नवा सर्व्हर घेतलाय. हिशेब आणि सभागृहाचं आरक्षण आधीपासून पोस्टग्रेएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेस, या दुसऱ्या डेटाबेसवर आहे. देखभाल करणारे म्हणतात, रोजचा बॅकअप आणि लक्ष ठेवणं एकाच डेटाबेसचं करू, वाचनालयही तिकडेच आणा. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणतो, "मावशी, कॉन्फिगमधली कनेक्शनची ओळ बदलायची, डेटा इकडून तिकडे टाकायचा, संपलं."

मी प्रोग्रामर नाही, पण डेटा काय आहे ते मला पक्कं माहीत आहे, आणि काम इतकं सोपं असेल असं वाटत नाही. ज्यांनी असं स्थलांतर केलंय त्यांनी सांगा: नेमकं काय काय बदलावं लागतं? आणि मराठी मजकुराला काही धोका आहे का?

सह्यकडा

आधी एक गोष्ट बघा. कोडमध्ये डेटाबेसशी बोलायला काय वापरलंय? तीन शक्यता आहेत.

१. 'मायएसक्यूएल_क्वेरी' वगैरे जुनी फंक्शनं. ती पीएचपी ५.५ मध्ये कालबाह्य ठरवली आणि ७.० मध्ये काढूनच टाकली. ती असतील तर नव्या सर्व्हरवर नव्या पीएचपीत पान उघडणारच नाही, मग डेटाबेस कोणताही असो.
२. मायएसक्यूएलआय. नावातच आहे, ते फक्त मायएसक्यूएलशी बोलतं.
३. पीडीओ. याला ड्रायव्हर (ठरावीक डेटाबेसशी बोलणारा भाग) बदलता येतो, म्हणजे भाच्याची 'एक ओळ' इथे लागू होते.

पण पीडीओ फक्त वायर जोडतं, तुमची क्वेरी (डेटाबेसला दिलेला आदेश) वाचून दुरुस्त करत नाही. मायएसक्यूएलच्या बोलीत लिहिलेलं वाक्य ते तसंच्या तसं पोस्टग्रेसला पाठवतं, आणि पोस्टग्रेस ते परत फेकतं.

ग्रंथसखी

भाच्याने पाहिलं. देवघेवीची पानं मायएसक्यूएलआयवर आहेत, अहवालांची पीडीओवर. बहुधा दोन वेगळ्या वेळी लिहिलेली.

जुना_फॉक्सप्रो

ताई, स्पष्ट बोलतो. चालत्या गाडीला हात लावू नये. तुमचं अ‍ॅप्लिकेशन मायएसक्यूएलवर नीट चालतंय ना? त्याच सर्व्हरवर मारियाडीबी बसवा. ते मायएसक्यूएलमधूनच २००९ मध्ये वेगळं झालं, तुमचं सत्तर-ऐंशी टक्के कोड विनातक्रार चालेल. देखभाल करणाऱ्यांना दोन बॅकअप घ्यावे लागतील, घेऊ देत. त्यांच्या सोयीसाठी वाचनालयाने वर्षभर दगदग का करायची?

मेघना_प

जुना_फॉक्सप्रो काका, तुमचा मुद्दा योग्य आहे, पण अर्धाच. जुन्या पीएचपीमुळे कोडला हात लावावाच लागणार आहे. मग लावायचाच तर एकदा नीट लावावा, असं माझं मत. आणि लहान संस्थेत जो बॅकअप रोज कुणीतरी तपासतं तोच खरा. दुसरा डेटाबेस 'आहे तिथे असू दे' म्हणून राहिला की दोन वर्षांनी त्याच्याकडे कुणी बघत नाही.

आता क्वेरींबद्दल. मी एका सहकारी संस्थेचं असंच अ‍ॅप्लिकेशन हलवलंय. बदलावं लागतं ते साधारण असं:

टेबल-कॉलमच्या नावांभोवतीचे उलटी एकेरी अवतरणं, म्हणजे बॅकटिक, पोस्टग्रेसला कळत नाहीत. आणि मायएसक्यूएलमध्ये लोक दुहेरी अवतरणात मजकूर लिहितात, पोस्टग्रेसला दुहेरी अवतरण म्हणजे कॉलमचं नाव. त्यामुळे "पुणे" लिहिलं की ते 'पुणे' नावाचा कॉलम शोधत बसतं. 'लिमिट १०, २०' चं 'लिमिट २० ऑफसेट १०' करा, क्रम उलटा होतो हे लक्षात ठेवा. इफनल चं कोअलेस, ग्रुप_कॉन्कॅट चं स्ट्रिंग_अ‍ॅग, डेट_फॉरमॅट चं टू_चार, आणि टू_चार चे फॉरमॅट पूर्ण वेगळे. 'ऑन डुप्लिकेट की अपडेट' चं 'ऑन कॉन्फ्लिक्ट', जे पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून आहे. नुकत्याच घातलेल्या नोंदीचा क्रमांक हवा असेल तर इन्सर्टच्याच शेवटी 'रिटर्निंग' लिहा, हे मायएसक्यूएलच्या पद्धतीपेक्षा मला कितीतरी स्वच्छ वाटतं.

हे सगळं कंटाळवाणं आहे पण अवघड नाही, कारण चुकलं तर लगेच एरर येते. घाबरायचं ते एरर न येता वेगळं उत्तर येण्याला. त्यावर इतरांनी लिहा, मला आत्ता निघायचंय.

अबोली२२

वाखू (वाचनखूण) साठवली.

सिएटलकर

मेघना_प यांच्या शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. एरर न येता उत्तर बदलण्याची दोन उदाहरणं देतो.

एक, अक्षरांचा लहान-मोठेपणा. मायएसक्यूएलचं नेहमीचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम यांचे नियम) इंग्रजी अक्षरांत लहान-मोठा भेद करत नाही. पोस्टग्रेस करतं. सभासदाने ईमेल पहिलं अक्षर मोठं ठेवून नोंदवला असेल आणि आता सगळं लहान टाइप केलं, तर काल लॉगिन होत होतं ते आज होणार नाही. 'असा सभासद सापडला नाही' इतकंच उत्तर येतं, एरर नाही. उपाय: ईमेल साठवतानाच लहान अक्षरांत करा आणि 'लोअर' (लहान अक्षरं करणारं फंक्शन) वर युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारी सूची) टाका. सिटेक्स्ट नावाचं एक्स्टेन्शनही आहे.

दोन, रिकाम्या जागा. चढत्या क्रमाने लावताना मायएसक्यूएल नल आधी दाखवतं, पोस्टग्रेस शेवटी. ज्या पुस्तकांना प्रकाशन वर्ष नाही ती यादीच्या डोक्यावरून तळाला जातील. क्वेरीत 'नल्स फर्स्ट' लिहिलं की पूर्ववत.

ग्रंथसखी

मेघनाताई, सिएटलकर, खूप आभार. क्वेरींचं भाच्याला दिलं, त्याचा चेहरा जरा उतरलाय, पण कामाला लागलाय.

मराठीबद्दल कुणी सांगेल का? एक गोष्ट मला नेहमी खटकायची. अ‍ॅप्लिकेशनमध्ये मराठी छान दिसतं. पण एकदा देखभालवाल्यांनी डेटाबेस थेट उघडून दाखवला तेव्हा सगळीकडे टोपी घातलेले ए आणि चलनाची चिन्हं दिसत होती. ते म्हणाले, 'डेटा खराब आहे.' मग अ‍ॅप्लिकेशनमध्ये नीट कसा दिसतो?

कानडा_विठ्ठल

याच प्रश्नाची वाट बघत होतो. :)

ताई, डेटा खराब नाही, त्याच्यावरची चिठ्ठी चुकीची आहे. मायएसक्यूएलमध्ये ८.० येईपर्यंत कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) सांगितला नाही तर 'लॅटिन१', म्हणजे युरोपीय अक्षरांचा, धरला जायचा. २००९ मध्ये टेबल बनवताना तो बदलायचं कुणाला सुचायचं नाही. पीएचपीकडून यूटीएफ-८ (जगातल्या सगळ्या लिपींची पद्धत) मधल्या मराठीचे बाइट जायचे, कनेक्शनही लॅटिन१ मानलेलं, टेबलही लॅटिन१, त्यामुळे बाइट जसेच्या तसे आत आणि जसेच्या तसे बाहेर. ब्राउझर ते यूटीएफ-८ म्हणून वाचतो, मराठी दिसते. कुणी तिऱ्हाइताने डेटाबेस नीट उघडला की तो चिठ्ठीवर विश्वास ठेवतो आणि प्रत्येक बाइटचं एक युरोपीय अक्षर करतो. देवनागरीचा प्रत्येक वर्ण यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचा, आणि पहिला बाइट नेहमी तोच, म्हणून टोपीवाल्या ए ची रांग दिसते.

धोका इथे आहे. स्थलांतराचं कोणतंही साधन त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लॅटिन१ मधून यूटीएफ-८ मध्ये 'रूपांतर' करेल आणि ती युरोपीय अक्षरं पोस्टग्रेसमध्ये कायमची जाऊन बसतील. पोस्टग्रेसच्या दृष्टीने ती वैध अक्षरं आहेत, तक्रार येणार नाही.

उपाय मायएसक्यूएलमध्येच करायचा, डेटाच्या प्रतीवर. कॉलम आधी बायनरी करा, म्हणजे डेटाबेस अक्षरांचा विचारच सोडून देतो. मग तोच कॉलम यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८) करा. मध्ये रूपांतर होत नाही, फक्त चिठ्ठी बदलते. थेट लॅटिन१ वरून यूटीएफ८एमबी४ केलंत तर तेच नको असलेलं रूपांतर होईल.

आणि नुसतं यूटीएफ८ नको, एमबी४ च. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ ३ बाइटपर्यंतच जातं. मराठीला ते पुरतं, म्हणून आपल्याकडे वर्षानुवर्षं कुणाला कळलं नाही. मोबाइलवरून इमोजी यायला लागले तेव्हा फुटलं.

कानडा_विठ्ठल

लांबतंय, पण एक महत्त्वाचं राहिलं. लॅटिन१ टेबलमधला ५० लांबीचा कॉलम म्हणजे ५० बाइट, ५० मराठी वर्ण नव्हेत. जुनं मायएसक्यूएल स्ट्रिक्ट (काटेकोर) मोडमध्ये नसेल तर जास्तीचा मजकूर कापून टाकायचं. इशारा द्यायचं, पण तो वाचतो कोण? ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड मूळचाच आला.

उदाहरण घ्या: 'ता. कोरेगाव, जि. सातारा'. देवनागरीचे १७ वर्ण, म्हणजे ५१ बाइट, अधिक टिंबं, स्वल्पविराम आणि जागा मिळून ६. एकूण ५७. कॉलम ५० चा असेल तर 'जि. सात' नंतर तोडलं जातं, आणि तेही सरळ नाही. ४८ बाइटला 'सात' संपतं, पुढच्या काना-मात्रेचे ३ पैकी २ बाइट आत राहतात, तिसरा बाहेर. मायएसक्यूएलला त्याचं काही नाही. पोस्टग्रेस मात्र ती ओळ बघताच 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स' म्हणून थांबतं. लोक पोस्टग्रेसला शिव्या घालतात, खरं तर ते पहिल्यांदा कुणीतरी सांगतंय की तुमचा पत्ता अर्धा आहे.

ग्रंथसखी

कानडा_विठ्ठल, अंगावर काटा आला! आमच्या सभासद कार्डांवर कित्येक पत्ते 'जि. सात' वर संपतात. आम्ही समजत होतो की नोंद करणाऱ्यांनी घाई केली. त्या बिचाऱ्या सुमनमावशींना यावरून किती ऐकून घ्यावं लागलंय. आज त्यांना फोन करून सांगितलं.

अबोली२२

सुमनमावशींसाठी टाळ्या!

जुना_फॉक्सप्रो

वरचा प्रतिसाद वाचून आणखी एक शंका. २००९ च्या आधी काय होतं? कागदी रजिस्टर की संगणक? कारण आमच्या पिढीने मराठी डेटा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमध्ये भरलाय. डॉसवर सीडॅकचं जिस्ट कार्ड (भारतीय लिपी दाखवणारं) असायचं, त्यात इस्की या भारतीय लिपींच्या पद्धतीने अक्षरं साठवली जायची. पुढे विंडोज आल्यावर श्रीलिपीसारखे फॉण्ट आले, त्यात मजकूर मुळात इंग्रजी चिन्हांचाच, फक्त फॉण्ट लावला की मराठी दिसायचा. असा डेटा कुणी 'आयात' केला असेल तर बाइट बदलून तो मराठी होणार नाही. त्याला प्रत्येक फॉण्टचा वेगळा रूपांतरक लागतो.

ग्रंथसखी

काका, अचूक हेरलंत. जुन्या दात्यांनी दिलेल्या एका संग्रहाची यादी फॉण्टमधली होती. ती अ‍ॅप्लिकेशनमध्येही अगम्यच दिसते, म्हणून आम्ही ती पुस्तकं कपाटावरच्या कागदी यादीवरून शोधतो.

जुना_फॉक्सप्रो

मग ती बाजूला काढा. वेगळ्या टेबलमध्ये ठेवा, फॉण्टचं नाव लिहून ठेवा, आणि स्थलांतर झाल्यावर सवडीने करा. दोन प्रकारचे बिघाड एकाच वेळी दुरुस्त करायला गेलं की कोणत्या पायरीवर काय झालं ते कळत नाही. (आणि हो, मारियाडीबीचा सल्ला मी अजून मागे घेतलेला नाही.)

टेकाडे_भाऊजी

मारियाडीबीवाल्या काकांना थोडं पाठबळ देतो. 'पोस्टग्रेस चांगलं, मायएसक्यूएल वाईट' असं सरळ नाही. २०१६ मध्ये उबरने पोस्टग्रेसवरून मायएसक्यूएलकडे जाण्याची कारणं जाहीरपणे सविस्तर लिहिली होती, एकेक अपडेट डिस्कवर कसा लिहिला जातो, तिथपर्यंत. उलट गिटलॅबने २०१९ मध्ये १२.१ आवृत्तीपासून मायएसक्यूएलचा आधार काढून फक्त पोस्टग्रेस ठेवलं. दोघांचीही कारणं त्यांच्या त्यांच्या कामाची होती.

आणि एक अवांतर प्रश्न: ताई, स्वतःचं अ‍ॅप्लिकेशन चालू का ठेवताय? वाचनालयांसाठीचं कोहा आहे, मुक्तस्रोत आहे. सरकारी एनआयसीचं ई-ग्रंथालय आहे.

मेघना_प

कोहा मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीवरच चालतं, त्यामुळे देखभालवाल्यांची अट तिथे मोडेल. ई-ग्रंथालयाची गोष्ट मात्र इथे अगदी लागू आहे: आधीच्या आवृत्त्या एसक्यूएल सर्व्हरवर होत्या, ४.० मध्ये ते पोस्टग्रेएसक्यूएलवर आलं. म्हणजे डेटाबेस बदलणं मोठ्या सरकारी सॉफ्टवेअरलाही चुकलेलं नाही.

ग्रंथसखी

टेकाडे_भाऊजी, विचार केला होता. पण आमची देवघेवीची पद्धत, अनामत रकमेचे नियम, घरपोच पुस्तक योजना हे सगळं या अ‍ॅप्लिकेशनमध्ये आमच्या मापाने बसलंय. काउंटरवरच्या दोन्ही ताईंना ते डोळे मिटून येतं. ते मला टिकवायचंय.

नीरक्षीर

देवघेव म्हटलंय म्हणून विचारतो. पुस्तक परत आलं नसेल तर 'परत तारीख' कॉलममध्ये काय असतं?

ग्रंथसखी

भाच्याने बघून सांगितलं: शून्य शून्य शून्य शून्य, शून्य शून्य, शून्य शून्य.

नीरक्षीर

वाटलंच. मायएसक्यूएल ही शून्य तारीख चालवून घ्यायचं. पोस्टग्रेस घेत नाही, कारण अशी तारीखच नसते. पीजीलोडर नावाचं स्थलांतराचं साधन ती आपोआप नल करून देतं, इथपर्यंत ठीक. पण तुमच्या कोडमध्ये 'बाहेर असलेली पुस्तकं' काढणारी क्वेरी नक्कीच 'परत तारीख बरोबर शून्य तारीख' अशी असणार. तिथे 'इज नल' करावं लागेल. दंड, स्मरणपत्रं, एका सभासदाकडे किती पुस्तकं आहेत याची मर्यादा, सगळीकडे. कोडमध्ये चार शून्यं शोधा, एकही जागा सोडू नका.

पीजीलोडरचीच दुसरी एक सवय सांगतो, ती याहून घातक. मायएसक्यूएलमध्ये हो-नाहीसाठी टायनीइंट(१) हा छोटा पूर्णांक वापरतात, म्हणून पीजीलोडर अशा कॉलमचं मूळच्या नियमानुसार बुलियन (फक्त हो किंवा नाही) करतं: शून्य म्हणजे नाही, बाकी सगळं हो. पण टायनीइंट(१) मध्ये २ आणि ३ ही बसतात. तुमच्याकडे सभासदाची स्थिती कशी साठवलीय?

ग्रंथसखी

० बंद, १ चालू, २ आजीव सभासद, ३ आश्रयदाते.

नीरक्षीर

म्हणजे नियम न बदलता चालवलं असतं तर सगळे आजीव सभासद आणि आश्रयदाते नुसते 'चालू' झाले असते, आणि वर्गणी थकल्याची पत्रं त्यांना गेली असती. एरर एकही आली नसती. पीजीलोडरच्या फाइलमध्ये कास्टचा (प्रकार बदलण्याचा) नियम लिहून हा कॉलम स्मॉलइंट (छोटा पूर्णांक) करा. जे कॉलम खरोखर हो-नाहीचे आहेत तेवढे बुलियन होऊ देत, आणि तिथे कोडमध्ये 'बरोबर १' लिहिलेलं बदला, कारण पोस्टग्रेस बुलियनची तुलना आकड्याशी करू देत नाही.

टेकाडे_भाऊजी

आश्रयदात्यांना थकबाकीचं पत्र! पुढच्या वार्षिक सभेत काय झालं असतं, कल्पनाही करवत नाही.

सिएटलकर

एक जोड. पीजीलोडर मायएसक्यूएल ८ शी जोडताना पासवर्डच्या नव्या पद्धतीवर अडतं. स्थलांतरापुरता एक वेगळा वापरकर्ता जुन्या नेटिव्ह पासवर्ड पद्धतीने बनवा. आणि पोस्टग्रेसकडून पहिली एरर हमखास येते ती 'पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये नोंद नाही' अशी. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या वापरकर्त्याने, कोणत्या डेटाबेसला जोडायचं ते त्या फाइलीत लिहिलेलं लागतं. पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही म्हणून लोक तासन्‌तास पासवर्डच बदलत बसतात.

डेटा इतर मार्गाने, म्हणजे सीएसव्हीतून वगैरे, आणलात तर सीक्वेन्स (नव्या नोंदीला पुढचा क्रमांक देणारा मोजक) पुढे सरकवायला विसरू नका. पीजीलोडर ते करतं, हाताने केलं तर 'सेटव्हॅल' चालवावं लागतं. नाहीतर जुने सभासद सगळे दिसतात आणि पहिला नवा सभासद नोंदवताना 'हा क्रमांक आधीच आहे' म्हणून अडतं.

वर्णमाला

मी पेशाने ग्रंथपाल. तांत्रिक लोकांनी न सांगितलेलं सांगते: अकारविल्हे.

पोस्टग्रेसचा डेटाबेस 'सी' लोकेलने (कोणत्याही भाषेचे नियम न लावता) बनवला तर मराठी शब्द युनिकोडच्या क्रमांकानुसार लागतात. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या शेजारी, व च्या आधी बसवलाय. त्यामुळे 'कळस' हा 'कवडसा'च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर. क्ष आणि ज्ञ तर क आणि ज मध्ये विरून जातात. सूचीत 'ज्ञ' शेवटी शोधणाऱ्या वाचकाला पुस्तक नाहीच असं वाटतं.

पोस्टग्रेस १० पासून आयसीयू या युनिकोडच्या लायब्ररीची कोलेशन्स मिळतात, त्यात मराठीचं वेगळं आहे. मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी असं स्वतंत्र कोलेशन नाही. म्हणून तुम्ही स्थलांतर करत असाल तर मला खरंच आनंद आहे. शीर्षक, लेखक आणि विषय या कॉलमना ते कोलेशन लावून घ्या.

सह्यकडा

वर्णमाला, फारच उपयुक्त! धाग्याचं सार्थक झालं. पुस्ती जोडतो: 'दुसऱ्या', 'वाऱ्या'वाला ऱ्य. तो दोन-तीन प्रकारे टंकला जातो. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ देतात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्यांना सारखंच दिसतं, पण बाइट वेगळे, आणि पोस्टग्रेसमध्ये 'बरोबर' म्हणजे बाइट तेच. एकाने नोंदवलेलं दुसऱ्याला शोधून सापडत नाही. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइज फंक्शन आहे. त्याने र आणि सुटा नुक्ता यांचा एक ऱ होतो, पण जोडकवाला प्रकार तसाच राहतो. तो साठवताना कोडमध्येच बदलून एक ठरावीक रूप करा, आणि शोधायच्या शब्दालाही तेच लावा.

ग्रंथसखी

वर्णमालाताई, आमच्या सूचीबद्दल हीच तक्रार एक जुने शिक्षक वर्षानुवर्षं करायचे. 'ळ कुठे ठेवलाय तुम्ही?' असं विचारायचे. त्यांना आता उत्तर देता येईल.

मेघना_प

परत आले. 'एरर न येता वेगळं उत्तर' याच्या उलट एक गोष्ट: एरर आल्यावरचं वागणं. ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र पार पडायच्या क्वेरींच्या गटात) एखादी क्वेरी फसली तर मायएसक्यूएलमध्ये पुढच्या चालू राहतात. पोस्टग्रेस ते अख्खं ट्रान्झॅक्शन रद्द मानतं आणि रोलबॅक करेपर्यंत, म्हणजे सगळं मागे घेईपर्यंत, पुढचं काही ऐकत नाही. जुन्या कोडमध्ये 'आधी इन्सर्ट करून बघ, नाही झालं तर अपडेट कर' असं पुष्कळ असतं. ते सगळं 'ऑन कॉन्फ्लिक्ट' मध्ये आणा. देवघेवीच्या पानावर हे नक्की सापडेल.

आणि पोस्टग्रेसच्या बाजूने एक: टेबलची रचना बदलणारे आदेशही ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. बदल अर्ध्यावर फसला तर सगळं मागे. मायएसक्यूएलमध्ये असा आदेश दिला की आधीचं परस्पर कमिट, म्हणजे कायम, होतं. रंगीत तालमीत याचा फार आधार वाटतो.

वेळ निवडताना वार्षिक अहवालाचे दिवस टाळा. अनुदानासाठी मार्चअखेरचे आकडे लागतात, त्या काळात डेटाला हात नको.

ग्रंथसखी

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितेय. धागा छापून भाच्याच्या टेबलावर ठेवला होता.

ठरलं ते असं. आधी कोड मायएसक्यूएलवरच ठेवून सगळं पीडीओवर आणलं. मग डेटाच्या प्रतीवर कॅरेक्टर सेट दुरुस्त केला, तुटके पत्ते वेगळे काढले. ते सुमनमावशी स्वतः सभासदांना फोन करून पूर्ण करतायत, त्यांचा उत्साह बघण्यासारखा आहे. त्यानंतर पीजीलोडर, स्थितीचा कॉलम स्मॉलइंट करून. दोन्ही डेटाबेस शेजारी ठेवून आम्ही पुस्तकं, सभासद, बाहेर असलेली पुस्तकं आणि अनामत रकमेची बेरीज ताडून पाहिली. सगळं जुळलं, अनामत रकमेचा आकडा पैशापर्यंत. मराठी कोलेशनही लावलं.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी काउंटर बंद असताना खरं स्थलांतर करणार आहोत. जुना डेटाबेस फक्त वाचण्यापुरता तसाच ठेवतोय.

एकच अडलंय. 'प्रत्येक सभासदाची शेवटची देवघेव' हा अहवाल चालत नाही. क्वेरीत ग्रुप बाय (ओळींचे गट पाडणं) सभासद क्रमांक आहे, आणि पुस्तकाचं नाव, तारीख हे कॉलम तसेच मागितलेत. पोस्टग्रेस म्हणतं, हे कॉलम ग्रुप बायमध्ये नाहीत. भाच्याने ते सगळे ग्रुप बायमध्ये घातले तर एका सभासदाच्या पन्नास ओळी येतात.

नीरक्षीर

जुन्या मायएसक्यूएलमध्ये त्या ग्रुप बायला काही बंधन नव्हतं. गटातली कोणती ओळ उचलायची याची हमी नसायची, ५.७ पासून तेही मूळच्या सेटिंगने अडवतं. म्हणजे जुना अहवालही दर वेळी शेवटचीच देवघेव दाखवत असेल असं धरून चालू नका.

पोस्टग्रेसमध्ये यासाठी 'डिस्टिंक्ट ऑन' आहे. सिलेक्टनंतर 'डिस्टिंक्ट ऑन' आणि कंसात सभासद क्रमांक, ग्रुप बाय काढून टाका, आणि शेवटी ऑर्डर बायमध्ये आधी सभासद क्रमांक, मग देवघेवीची तारीख उतरत्या क्रमाने. प्रत्येक सभासदाची पहिली ओळ तेवढी राहते, आणि ती सर्वांत अलीकडची असते. एकाच दिवशी दोन पुस्तकं नेली असतील तर तारखेनंतर देवघेव क्रमांकही उतरता लावा.

जुना_फॉक्सप्रो

ताई, 'शेजारी ठेवून ताडून पाहिलं' हे वाचून समाधान वाटलं. मारियाडीबीचा सल्ला मागे घेतो. ती फॉण्टमधली यादी मला पाठवा. श्रीलिपीचा माझा जुना रूपांतरक अजून चालू आहे, ओळ न् ओळ तपासून परत देतो.

ग्रंथसखी

काका, यादी आज संध्याकाळी पाठवते. नीरक्षीर, अहवाल चालला, आणि एकाच दिवशी दोन पुस्तकं नेणारे आमच्याकडे खूप आहेत, त्यामुळे देवघेव क्रमांकही लावला.